इंग्लंडमध्ये छोटी खासगी शाळा निवडताना आधी डोकी मोजा

मुलीसाठी सेकंडरी शाळा शोधायला लागलो तेव्हा ओळखीतले सगळे दोनच गोष्टी विचारायचे: रिझल्ट कसा आहे आणि फी किती? छोट्या शाळेच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न फसवे आहेत. छोटी म्हणजे इयर 7 (साधारण अकरा वर्षांची मुलं) ते ए-लेव्हल (इथली बारावी) मिळून दोन-अडीचशे मुलं, त्यातली बरीचशी संध्याकाळी घरी जाणारी आणि थोडी बोर्डिंगला राहणारी. अशा ठिकाणी मी आधी विचारते की कुठल्या वर्गात, कुठल्या विषयाला आणि कुठल्या रात्री नेमकी किती मुलं असतात.

रिझल्टचंच घ्या. ए-लेव्हलला 20 मुलं बसली तर एक मूल म्हणजे 5 टक्के. एका वर्षी दोन-तीन हुशार मुलं जास्त निघाली की शाळा क्रमवारीत वर उडी मारते, पुढच्या वर्षी धपकन खाली. सरकारी तक्त्यांत तर उलटीच गंमत. बऱ्याच खासगी शाळा आयजीसीएसई (सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेची आंतरराष्ट्रीय आवृत्ती) घेतात, ती त्या तक्त्यांत धरत नाहीत, त्यामुळे बऱ्यापैकी शाळेपुढेही शून्याच्या आसपासचा आकडा दिसतो. तो पाहून घाबरायचं कारण नाही. शाळेकडे तीन-चार वर्षांचे विषयवार निकाल मागा आणि प्रत्येक विषयाला किती मुलं बसली होती तेही विचारा.

विषयांच्या यादीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. प्रॉस्पेक्टसमध्ये सगळं असतं, खाली बारीक अक्षरांत ‘पुरेशी मुलं आली तर’ असंही असतं. फर्दर मॅथ्सला (ए-लेव्हलचं जादा गणित) दोघंच आली तर वर्ग चालतो का? फिजिक्सला एकच शिक्षक असेल आणि तो वर्षाच्या मध्येच सोडून गेला तर कोण शिकवतं? यादीत असूनही गेल्या दोन वर्षांत कुठला विषय चालवता आला नाही, असं सरळ विचारलं की प्रामाणिक शाळा नावासकट सांगते. जी शाळा ‘आमचं प्रत्येक मूल खास आहे’ इथेच घुटमळते, तिचं उत्तर तुम्हाला मिळालेलं असतं.

अर्थात कमी डोक्यांचा फायदाही खराच आहे. हॉकीला अकरा जणी उभ्या करायच्या म्हटलं तर स्टिक धरता येणारी प्रत्येक मुलगी लागते. आमची भिडस्त लेक मोठ्या शाळेत टीमच्या आसपास फिरकली नसती. इथे पहिल्याच टर्ममध्ये मैदानावर होती, आणि हरूनही खूश होती.

आता बोर्डिंग. फुल, वीकली आणि फ्लेक्सी असे प्रकार असतात: पूर्ण टर्मभर राहणारी, शुक्रवारी घरी जाणारी आणि आठवड्यात एक-दोन रात्रीच राहणारी मुलं. प्रॉस्पेक्टसमधला बोर्डिंगचा आकडा बहुतेक वेळा मंगळवारचा असतो. शनिवारी रात्री किती राहतात ते विचारा. एका शाळेत हाऊसच्या (मुलांच्या राहण्याच्या इमारतीच्या) दाराशी वीकेंडचा साइन-आउटचा कागद लावलेला होता. त्यावर नावापुढे ‘घरी’, ‘घरी’, ‘घरी’ असंच लिहिलेलं, आणि राहणारी उरली जेमतेम टेबलभर मुलं. तुमचं मूल त्या टेबलावरचं असणार असेल तर त्यांचं वय, लिंग, भाषा सगळं महत्त्वाचं ठरतं. भारतातून पुतण्या-भाच्याला इथे ठेवायचा विचार असेल तर हे जास्तच.

आणखी एक बारीक तपासणी. बोर्डिंगच्या राष्ट्रीय किमान निकषांनुसार शाळेच्या कर्मचाऱ्यांपैकी नसलेली अशी एक व्यक्ती असावी लागते, जिच्याशी मुलं थेट बोलू शकतात. हाऊसपेरेंटला (हाऊस सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला) नको, शाळा फिरून दाखवणाऱ्या मुलालाच विचारा: ‘इथल्या कुणालाच सांगायचं नसेल तर फोन कुणाला करशील?’ एकीने जरासुद्धा न अडखळता फोनच्या वरचा कागद दाखवला. दुसऱ्या ठिकाणी मुलगा सरांकडे बघत राहिला.

भारतातून येणाऱ्या मुलाला चाइल्ड स्टुडंट व्हिसा लागतो. तो 4 ते 17 वयासाठी असतो, फक्त खासगी शाळांसाठी असतो, आणि शाळेकडे स्पॉन्सर लायसन्स (परदेशी मुलांना प्रवेश देण्याचा सरकारी परवाना) असावं लागतं. सगळ्या छोट्या शाळांकडे ते नसतं. हाफ-टर्म (टर्मच्या मधली सुट्टी) आणि एक्झिएटच्या (मुलांनी घरी जायच्या ठरलेल्या) वीकेंडला हाऊस बंद राहतं का, तेही आधीच विचारून घ्या, कारण तेव्हा मूल ज्याच्याकडे जाणार तो गार्डियन (इथला जबाबदार पालक) कदाचित तुम्हीच असाल.

पैशांचं म्हणाल तर 1 जानेवारी 2025 पासून फीवर 20 टक्के व्हॅट (आपल्या जीएसटीसारखा कर) आहे, बोर्डिंगच्या फीवरसुद्धा. सांगितलेला आकडा व्हॅट धरून आहे का, हे पहिल्या ईमेलमध्येच विचारा. पण फीपेक्षा मला शाळेची तब्येत जास्त महत्त्वाची वाटते. छोट्या शाळेत पंधरा-वीस मुलं कमी झाली तरी गणित कोलमडतं, आणि मग विलीनीकरणाचं किंवा बंद होण्याचं पत्र येतं. अनेक शाळा धर्मादाय संस्था असतात. वेबसाइटच्या तळाशी नोंदणी क्रमांक असतो, तो चॅरिटी कमिशनच्या साइटवर टाकला की काही वर्षांचे हिशोब फुकट वाचता येतात. कंपनी असेल तर कंपनीज हाऊस (कंपन्यांची सरकारी नोंदवही) बघा. ट्रस्टींच्या अहवालात पटसंख्या बहुधा दिलेली असते, ती वर्षागणिक लावून पाहा. ‘गोइंग कन्सर्न’ (संस्था पुढे चालू राहील का) हा परिच्छेद तर शोधून वाचा. तिथे ‘लक्षणीय अनिश्चितता’ अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर बर्सरला (शाळेचे पैसे सांभाळणाऱ्याला) भेटल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. सवलतीच्या मोहाने काही वर्षांची फी आगाऊ भरायच्या योजनांपासूनही मी लांबच राहीन. शाळा बुडाली तर ती रक्कम परत मिळेलच याची खात्री नसते.

तपासणी अहवाल वाचताना एक लक्षात ठेवा. आयएसआयने (बऱ्याच खासगी शाळा तपासणारी संस्था) सप्टेंबर 2023 पासून एका शब्दाचे शेरे देणं बंद केलंय. फाटकावर अजून ‘एक्सलंट’चा बॅनर फडकत असेल तर तो जुना आहे. नव्या अहवालात निकष पूर्ण झाले की नाहीत एवढंच पाहायचं, विशेषतः सेफगार्डिंगचा (मुलांच्या सुरक्षिततेचा) भाग. काही शाळांची तपासणी ऑफस्टेड ही सरकारी संस्था करते, त्यांचे अहवाल तिकडे मिळतील.

सही करण्याआधी करारातलं नोटिशीचं कलम वाचा. साधारणपणे पूर्ण एका टर्मची नोटीस लागते, नाहीतर त्या टर्मची फी भरावी लागते. आणि घाई करू नका. छोट्या शाळांत वर्षाच्या मध्येही जागा निघतात. मुलाला राहून बघायला एक टेस्टर रात्र मागून घ्या, शक्यतो शनिवारची.