टॉवेल नको, पंचा घ्या

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी रोज सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आमच्या गटातली सहा जणं जुलैत आइसलँडला निघाली आहेत. त्यातला एक दिवस लांडमनालॉयगरचा. म्हणजे राजधानी रेक्याविकहून सकाळी लवकर निघायचं, गाइडबरोबर ज्वालामुखीच्या डोंगरात चालायचं, गरम झऱ्यात बसायचं आणि रात्री मुक्कामी परत. मी गेल्या ऑगस्टमध्ये हे करून आले, म्हणून 'काय काय घ्यायचं ते सांगा की' हा प्रश्न रोज तिसऱ्या फेरीला येतो. चालता चालता सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून एकदाच लिहून काढतेय.

आधी धास्ती कशाची घ्यायची ते सांगते. चढाची घेऊ नका. कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर पायी जाऊन आलेल्या माणसाला सहा-सात किलोमीटरचं काय मोठंसं! तिथल्या ट्रेकर्सच्या निवाऱ्यापासून लाव्हाचं पठार ओलांडायचं, गंधकाच्या डोंगरापाशी जायचं आणि हिरव्या घळीतून परत यायचं, अशी नेहमीची फेरी तेवढीच आहे. गंधकाचा डोंगर म्हणजे ब्रेन्निस्टेन्सआल्डा, उंची ८५५ मीटर. पायथाच जवळपास ६०० मीटरवर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ फार नाही. आपली अडचण वेगळी आहे. ऊन आपल्याला कळतं, ४३ अंशांत लग्नाच्या पंगती उठवणारी माणसं आपण. थंडीही कळते, जानेवारीत पहाटे मफलर गुंडाळण्यापुरती. पण ओलं आणि गार दोन्ही एकदम, त्यावर वारा, हे आपल्या अंगाला ठाऊकच नाही. तिथे भर जुलैतही दुपारी आठ-दहा अंश असतात आणि पाऊस वरून कमी, बाजूनेच जास्त येतो. अंग कोरडं ठेवायचं, आणि भिजलंच तर बदलायला एक जोड कोरडा ठेवायचा. या यादीतलं निम्मं सामान त्यासाठीच आहे.

त्यामुळे पहिली गोष्ट, सुती कपडे घरी. जीन्स तर नकोच नको. सोलापूरकराला सुती सोड म्हणणं जिवावर येतं, पण सुती कपडा घाम आणि पाऊस दोन्ही पिऊन बसतो आणि वारा सुटला की अंगातली ऊब ओढून घेतो. आतली बनियनसुद्धा सिंथेटिक किंवा लोकरीची हवी. तिच्यावर फ्लीस किंवा स्वेटर, आणि सगळ्यांत वर वारा-पाऊस दोन्ही अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. पँट विसरू नका. सगळे जॅकेटवर पैसे घालतात आणि मांड्या भिजवून घेतात. कानटोपी, हातमोजे, गळ्याला गुंडाळायची पट्टी हे किरकोळ वाटतं, पण तिथे आधी बोटंच बधिर होतात, मग ना चेन लागत, ना बाटलीचं झाकण उघडत. खरेदी आत्ताच सुरू करा. जूनमध्ये नवी पेठेत थर्मल मागितलं तर दुकानदार आधी पंख्याकडे बघतो, मग आपल्याकडे.

जॅकेट घेतलं की घरी शॉवरखाली उभं राहून बघायचं. हसू नका. मी एका दुकानातून 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' असं छातीवर लिहिलेलं जॅकेट आणलं होतं, न तपासता बॅगेत टाकलं, आणि तिथे पहिल्याच सरीत खांद्याच्या शिवणीतून पाणी आत उतरलं. कापड चांगलं होतं हो, पण शिवणीला आतून पट्टी चिकटवलेली नव्हती. विकत घेताना जॅकेट उलटं करा आणि खांद्याची, टोपीची शिवण आतून बघा. पट्टी नसेल तर तो रेनकोट आपल्या मृगाच्या सरीपुरताच.

बूट घोट्याच्या वर येणारे, तळाला खाचा असलेले आणि आजपासून पायात. रोजच्या फेऱ्या त्याच बुटांत मारा. लोक बघतात, बघू देत. तलावाकाठची वाट सपाट, त्यामुळे उताराचा सराव होत नाही आणि गुडघे बोलतात ते उतरतानाच. आठवड्यातून दोनदा अपार्टमेंटचा जिना चढा-उतरा, एखाद्या रविवारी तुळजापूरच्या घाटाकडे जाऊन या. मोजे लोकरीचे, दोन जोड. काठी असेल तर उत्तम. राखेच्या उतारावर खडे गोट्यांसारखे पायाखालून सरकतात, तिथे तिसरा पाय लागतो.

आता टॉवेलचं. आपल्या गावचा टर्किश टॉवेल जगभर जातो, तर आपण तो न्यायचा नाही असं कसं, म्हणून मीही नेला. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेला, जाड, फुलाफुलांचा. कोरडा असताना अर्ध्या किलोच्या आतला. परत आल्यावर मुद्दाम बादलीत बुडवला, दोघांनी दोन टोकं धरून पिळला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर सव्वा किलो भरला. झऱ्यातून बाहेर आल्यापासून बसपर्यंत ते ओझं मी पाठीवर वागवलं, शिवाय त्यानं शेजारचा स्वेटर ओला केला तो वेगळाच. तेव्हा टॉवेल नको, पंचा घ्या. पातळ, जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला. सुती नको म्हटलं त्याला हा एकच अपवाद, कारण तो अंगावर राहत नाही. पुसायचं, पिळायचं, बॅगेच्या बाहेर अडकवायचं.

पंच्याला आणखी एक काम आहे. त्या पाण्यात बदकं असतात आणि त्यांच्यातल्या एका परजीवीच्या बारीक अळ्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात कधीकधी माणसाच्या कातडीत शिरायला बघतात. माणसात त्या जगत नाहीत, पण पुरळ उठतं आणि दोन-चार दिवस खाज सुटते. बाहेर आल्याबरोबर अंग खसाखसा चोळून कोरडं केलं की त्रास कमी होतो. टिपून घेऊ नका, चोळा. आजी न्हाऊ घातल्यावर पुसायची, तसं.

झरा म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणा, नाहीतर तीर्थावरच्या दगडी कुंडाची कल्पना करून जाल. लाव्हाचं काळं, खडबडीत पठार जिथे संपतं तिथे त्याच्या पायथ्यातून गरम पाणी निघतं, शेजारून गार पाणी निघतं, आणि दोन्ही मिसळून गवतातून ओढ्यासारखं वाहतं. साधारण ३६ ते ४० अंश. लाव्हाच्या कडेकडे सरकलं की जास्त गरम, ओढ्याच्या खालच्या अंगाला कोमट. आपल्या कोकणात उन्हेरे, तुरळ, राजापूर इथेही गरम पाणी आहे, पण तिथे खाली जिवंत ज्वालामुखी नाही. भेगांतून खोल गेलेलं पाणी पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापून वर येतं. लांडमनालॉयगरला मात्र खालचा खडक ज्वालामुखीमुळेच तापलेला आहे. नावाचा अर्थही 'त्या मुलखातल्या माणसांची न्हाणी' असा. मेंढ्या गोळा करायला डोंगरात येणारे लोक इथे अंग शेकायचे. आणि ते पठार किती जुनं? १४७७ सालच्या उद्रेकातलं. आपला भुईकोट किल्ला बहामनी काळातला, म्हणजे आपले बुरूज त्या दगडाहून वयानं मोठे! उलट आपल्या पायाखालचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि शेतातली काळी माती त्याचीच झालेली. तिथला डोंगर मात्र काळा नाही. पिवळा, गुलाबी, हिरवट, मध्येच राखाडी. त्या दगडाचं नाव रायोलाइट, त्यात सिलिका जास्त. गरम वाफा आणि गंधकानं तो असा रंगलाय.

पाण्यात उतरण्याचे कपडे पोहण्याचेच हवेत. आमच्या बायकांत यावरून फार कुजबुज झाली, म्हणून स्पष्टच लिहिते. अंगभर पोहण्याचा सूट मिळतो, तो घ्या, तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. पोहण्याचा पोशाख सकाळी हॉटेलातूनच आत घालून निघालात तर उघड्यावरची अर्धी कसरत वाचते. बाकी अर्धी बाहेर येतानाची. पाण्यापर्यंत लाकडी पायवाट आहे, कडेला कपडे अडकवायची सोय आहे, पण वारा सगळ्यांचा. म्हणून उतरण्याआधीच कोरडे कपडे घालण्याच्या क्रमानं रचून ठेवा. सगळ्यांत वर पंचा, मग आतले, मग फ्लीस, खाली मोजे, आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत तोंड मुरडून. रबरी चपला हव्यात, तळ खडकाळ आहे. बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावं आणि उठताना घाई करू नये, गरम पाण्यातून एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. डोकं बुडवू नका. साबण लावायचा नाही, ओढा आहे तो.

जोडवी आणि पैंजण काढून ठेवा. डोंगराच्या अंगातून वाफा निघतात, त्यांना कुजलेल्या अंड्याचा वास येतो, आणि त्याच वायूनं चांदी काळी पडते. माझी जोडवी संध्याकाळपर्यंत तव्याच्या बुडासारखी झाली होती. दंतमंजनानं घासून पुन्हा पांढरी केली. सोन्याला काही होत नाही.

खाण्याचं सामान आपल्या गावात असताना बाहेरून का घ्यायचं? कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. दिवसभर गारठ्यात राहिली तरी भाकरी बिघडत नाही. फक्त स्टीलच्या डब्यात भरा, पिशवीत तिचा चुरा होतो आणि तो डोंगरात सांडायचा नाही. चटणीवर घरी थोडं जास्त तेल घालून गोळा करून न्या, म्हणजे वाऱ्यानं उडणार नाही. माझी उडाली, आणि नेमकी आमच्या गाइडच्या डोळ्यात! जरा चिक्की, खजूर. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ त्या देशात नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे घरीच. रिकामी बाटली न्या. तिथलं गार नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं, विकतच्या बाटलीवर पैसे घालवू नका. गरम नळाला गंधकाचा वास येतो, तो अंघोळीपुरता.

गाइड असताना एवढं कशाला, असं आपल्यातले एक काका म्हणाले. गाइड वाट दाखवतो, मोजे देत नाही. बुकिंग करताना चार गोष्टी विचारून घ्या. प्रत्यक्ष चालणं किती तास, झऱ्यासाठी वेळ किती, जेवण त्यात आहे का, आणि हवा बिघडून सहल रद्द झाली तर पैशांचं काय. रेक्याविकच्या मध्यवस्तीत मोठ्या बसना मनाई आहे, त्यामुळे त्या हॉटेलच्या दारात येत नाहीत. क्रमांक दिलेले थांबे ठरलेले आहेत, आपला क्रमांक आदल्या दिवशी पायी जाऊन बघून या. जाताना वाटेत हेक्ला ज्वालामुखी दिसला तर बघा, २००० साली उसळलेला आहे. शेवटचा टप्पा कच्च्या डोंगरी रस्त्याचा. या रस्त्यांच्या क्रमांकाआधी एफ हे अक्षर असतं, बर्फ वितळल्यावर साधारण जूनअखेर ते उघडतात आणि तिथे फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी लागते. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, नदीच्या पाण्यात गाडी उतरल्यावर नव्हे.

चालताना खुणेचे खुंट सोडायचे नाहीत. वाफा निघतात तिथे फिकट, मऊ दिसणारी जमीन वरून पापडासारखी असते आणि खाली उकळता चिखल. शेवाळावरही पाय नको, एकदा तुडवलेलं शेवाळ भरून यायला दशकं लागतात. काचेसारखा चकचकीत काळा दगड दिसेल, तो ऑब्सिडियन. हातात घ्या, बघा, परत ठेवा. हे संरक्षित क्षेत्र आहे, १९७९ पासून.

कागदपत्रांत फार अडकत नाही. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, त्याची प्रत पाठीवरच्या बॅगेतही असू द्या. आपत्कालीन क्रमांक ११२. गारठ्यात फोनची बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात आणि पॉवर बँक सोबत. नेहमीच्या गोळ्या हातातल्या सामानात. कार्ड सगळीकडे चालतं, रोख फारशी लागत नाही.

आणि बॅगेच्या पावसाळी कव्हरवर विसंबू नका, वारा ते उडवतो. बॅगेच्या आत प्लास्टिकचं अस्तर घाला. साखरेच्या पोत्यात आतून असते ना पातळ पिशवी, तीच. आपल्या जिल्ह्यात त्या पिशव्यांना तोटा नाही, किराणावाल्याला सांगितलं की तो देतो. तळाला कोरडा जोड, मध्ये डबा, वर जॅकेट, बाहेर पंचा.

आता एकच करा. सगळ्यांनी भरलेल्या बॅगा, बूट आणि जॅकेट घेऊन आमच्या गच्चीवर या. प्रत्येकाला दहा मिनिटं पाइपच्या धारेखाली उभं करून बॅग उघडून बघायची आहे. रविवारी ठरलं होतं, पण नळाला पाणी शनिवारी येणार आहे, म्हणून शनिवारी, सकाळी साडेसहाला.