घोडे किती, यापेक्षा पुढे जाणारे किती

रेसचा अभ्यास सुरू केला तेव्हा माझ्या वहीत प्रत्येक घोड्यापुढे एकच आकडा असायचा, त्याने घेतलेली एकूण वेळ. वेळ कमी म्हणजे घोडा चांगला, संपला हिशोब. असाच एक घोडा मी डोक्यावर घेतला होता. पाच घोड्यांच्या रेसमध्ये तो गेट उघडल्यापासून पुढे होता आणि वेळही झकास लावली होती. पुढच्या खेपेला तोच घोडा चौदा जणांत पळाला आणि शेवटच्या वळणावरच त्याचा दम संपला. जॉकीने माती केली, असं मी चार दिवस भेटेल त्याला ऐकवत होतो. मग दोन्ही रेसचे व्हिडिओ लागोपाठ पाहिले. पहिल्या रेसमध्ये त्याच्याशी भिडायला कोणी आलंच नव्हतं. जॉकी लगाम धरून निवांत बसलेला. वासरात लंगडी गाय शहाणी! दुसऱ्या रेसमध्ये पहिल्या दोन फर्लांगांतच (एक फर्लांग म्हणजे सुमारे 200 मीटर) आणखी तीन घोडे त्याच्या खांद्याला खांदा लावून होते आणि जॉकीचे हात सुरुवातीपासूनच चालू होते.

घोडा तोच, दमही तेवढाच. फरक एवढाच की दुसऱ्या दिवशी तो दम पहिल्या अर्ध्यातच उधळला गेला. अगदी जिवाच्या आकांताने पळताना स्नायूंना लागणारी ताकद फक्त श्वासातल्या ऑक्सिजनवर भागत नाही, शरीराला आतली पुंजी मोडावी लागते. ती मर्यादित असते आणि रेस चालू असताना भरून येत नाही. म्हणून सुरुवातीला वाचवलेला एक सेकंद शेवटी दोन सेकंदांनी महाग पडू शकतो.

नवीन माणसाला मी अमेरिकेतल्या केंटकी डर्बीच्या दोन रेस शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगतो. दोन्ही चर्चिल डाउन्स या एकाच ट्रॅकवर, दोन्ही 10 फर्लांगांच्या, दोन्हींत घोड्यांची भरपूर गर्दी. 2002 साली 18 घोडे पळाले. वॉर एम्ब्लेम पुढे गेला आणि त्याला कोणी छेडलंच नाही. पहिले 4 फर्लांग 47.04 सेकंदांत झाले. तो शेवटपर्यंत पुढेच राहिला आणि 2 मिनिटं 1.13 सेकंदांत जिंकला. 2022 साली 20 घोडे होते. समर इज टुमॉरो आणि त्याच्या मागच्यांनी पहिले 2 फर्लांग 21.78 सेकंदांत उडवले, 4 फर्लांग 45.36 मध्ये. समर इज टुमॉरो सगळ्यात शेवटी आला. जिंकला रिच स्ट्राइक, भाव 80 ला 1 (एक लावला तर 80 मिळणार), सुरुवातीला पार मागे पडलेला. आणि त्याची वेळ? 2 मिनिटं 2.61 सेकंद. म्हणजे सुरुवात दीड सेकंदाहून जास्त जलद झाली आणि रेस जवळजवळ दीड सेकंद उशिरा संपली. ट्रॅक दर वर्षी सारखा नसतो हे खरं, तरी मला यातून जे शिकायला मिळालं ते शंभर रेसच्या निकालपत्रकांतून मिळालं नव्हतं.

तर पहिली गोष्ट: कार्डावर, म्हणजे रेसच्या छापील यादीत, घोडे किती हे सगळेच मोजतात, तुम्ही पुढे जायला धडपडणारे किती ते मोजा. प्रत्येक घोड्याच्या मागच्या तीन-चार रेस काढायच्या आणि पहिल्या दोन फर्लांगांनंतर तो कितवा होता ते लिहायचं. सतत पहिला-दुसरा असेल तर त्याच्यापुढे फुली. फुली एकच असेल तर तो घोडा कागदावर दिसतो त्यापेक्षा धोकादायक समजा, मग रेस सहाची असो की सोळाची. फुल्या तीन-चार झाल्या तर मागून येणाऱ्यांकडे बघायला लागा. मैदान मोठं झालं, म्हणजे रेसमध्ये घोडे जास्त झाले, की फुल्या वाढण्याची शक्यता वाढते, एवढाच काय तो संबंध.

उलट उदाहरणही लक्षात ठेवा, नाहीतर नियम डोक्यात चढतो. अमेरिकेतल्याच 1973 च्या बेलमाँट स्टेक्स या रेसला फक्त 5 घोडे होते. पण सेक्रेटेरियट आणि शॅम दोघेही सुरुवातीलाच एकमेकांना भिडले आणि 12 फर्लांगांच्या रेसमध्ये पहिले 6 फर्लांग 1 मिनिट 10 सेकंदांच्या आत झाले. शॅम पाचवा, म्हणजे शेवटचा आला. सेक्रेटेरियट 31 लेंथने (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला, तो भाग सोडून द्या. तसा घोडा तुमच्या कार्डावर नसणार.

लहान मैदानाची खरी गंमत संथ रेसमध्ये असते. कोणालाच पुढे जायचं नसतं, सगळे हातचं राखून चालतात. मागच्या घोड्याचं डोकं वर, तोंड उघडं, तो लगाम ओढतोय आणि जॉकी मागे रेलून त्याला आवरतोय, असं दिसलं की समजायचं, हा घोडा न पळताच दमतोय. शेवटचे तीन फर्लांग मग सगळेच जोरात पळतात. त्यात मागच्याने कितीही जोर लावला तरी पुढचाही तेवढ्याच जोरात पळत असतो, अंतर तुटणार कुठून? अशा रेसची एकूण वेळ वाचण्यात काही अर्थ नसतो.

मोठ्या मैदानात दुसराच खर्च असतो, वळणावरचा. मी हे कागदावर आकृती काढून बघितलं तेव्हा चाट पडलो. अर्धवर्तुळाच्या वळणावर रेलपासून, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या कडेच्या कुंपणापासून, एक मीटर बाहेरून पळालं की अंतर सुमारे 3.14 मीटरने वाढतं. एक लेंथ साधारण 2.4 मीटरची. म्हणजे आतल्या घोड्यापेक्षा दोन मीटर बाहेरून एक वळण घेतलं तर अडीच लेंथहून जास्त गेले, अशी दोन वळणं घेतली तर पाच. निकालात "चार लेंथने हरला" एवढंच छापतात. आतून पळणाऱ्याचं अंतर वाचतं, पण त्याला समोरच्या घोड्यांच्या भिंतीत फट मिळेलच असं नाही. जॉकी हात आवरून वाट बघत राहतो आणि रेस संपते. ड्रॉ, म्हणजे कोणाला कितवं गेट मिळालं ते, बघताना पहिलं वळण गेटपासून किती लांब आहे हे आधी पाहा. लांब असेल तर बाहेरच्या गेटवाल्याला आत यायला वेळ मिळतो.

सवय लावायची तर एक करा. रेसच्या आधी एका ओळीत लिहून ठेवा: पुढे कोण जाणार, त्याच्याशी कोण भिडणार, वेग कसा राहणार. मग विजेता विसरून फक्त ती ओळ तपासा. माझ्या पहिल्या कित्येक ओळी सपशेल चुकल्या, बहुतेक वेळा एखादा पुढे जाणारा गेटमधूनच उशिरा सुटल्यामुळे. व्हिडिओ दुसऱ्यांदा बघताना जिंकलेल्याकडे बघूच नका. जलद रेसमध्ये सुरुवातीपासून पुढच्या झटापटीत असूनही जो चौथा-पाचवा टिकला, त्याचं नाव लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्या कार्डावर दुसरी फुली आहे का ते पाहा.