बाहेरच्या बॉयलरचा पाईप निवडताना या चुका टाळा

महाबळेश्वर-पाचगणी भागात लाकडावर चालणारा बॉयलर अनेक जण परसात बसवतात आणि गरम पाणी जमिनीखालच्या पाइपाने न्हाणीघरात आणतात. पाणी कोमट येऊ लागले की दोष बॉयलरला दिला जातो; उष्णता मात्र बहुधा चरातच हरवलेली असते.

आमच्या पाचगणीच्या घरी डिसेंबरमधल्या एका पहाटे सगळ्या गवतावर दव होते, फक्त बॉयलरपासून न्हाणीघरापर्यंत वीतभर रुंदीचा पट्टा कोरडा होता. चर उकरला, तर पाइपावरचा फोम पावसाच्या पाण्याने चिंब भिजलेला, आणि पिळला तर हातात कोमट पाणी. प्लंबरने फोमचे सांधे उघडेच ठेवले होते. फोममध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते. तिची जागा पाण्याने घेतली की वेष्टन असून नसल्यासारखे होते, कारण पाण्यातून उष्णता हवेच्या वीसपटीहून अधिक सहज वाहते. म्हणून पाणी न शोषणारे नायट्रिल रबराचे वेष्टन घ्यावे, त्याचे सांधे चिकटवून पट्टीने बंद करावेत, सगळे चार इंची पीव्हीसी पाइपातून न्यावे आणि त्याची दोन्ही तोंडे बुजवावीत. इथल्या पावसात यावर केलेला खर्च कधीही वाया जात नाही.

स्वस्त म्हणून साधा पांढरा यूपीव्हीसी पाईप गरम पाण्याला वापरणे ही चूक फार महागात पडते, कारण साठ अंशांच्या पुढे तो मऊ पडतो. गरम पाण्यासाठीच बनवलेला सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाईप 93 अंशांपर्यंत चालतो. त्यावर आयएस 15778 हा भारतीय मानकाचा शिक्का पाहावा आणि सांधे चिकटवायचे सोल्युशनही सीपीव्हीसीचेच वापरावे. तरीही बॉयलरच्या तोंडाशी पहिला मीटरभर पाईप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) किंवा तांब्याचाच असावा.

दहा मीटर सीपीव्हीसी पाईप साठ अंशांनी तापला, तर साडेतीन ते चार सेंटिमीटर लांबतो. भिंतीत सिमेंटने घट्ट आवळला, तर कोपऱ्यावरचे एल्बो (काटकोनी जोड) तडकतात, म्हणून भिंतीतले छिद्र मोठे ठेवावे.

जाड पाईप म्हणजे चांगला, हाही गैरसमजच आहे. वीस मीटर लांबीच्या एक इंची पाइपात सुमारे साडेआठ लिटर पाणी मावते, पाऊण इंचीत पाच. आंघोळीआधी तेवढे गार पाणी सोडून द्यावे लागते.

बॉयलरमधली हवा आणि वाफ बाहेर सोडणाऱ्या उघड्या नळीवर, म्हणजे एअर व्हेंटवर, व्हॉल्व्ह कधीही बसवू नये. ती वाट बंद झाली आणि आग चालू राहिली, तर वाफेच्या दाबाने बॉयलर फुटू शकतो.