श्वाबेनमध्ये नर्सिंगला येताय? आधी 'हेबन' नीट समजून घ्या

जर्मन भाषेची बी2 परीक्षा पास होऊन जर्मनीत स्टुटगार्टच्या बाजूला, म्हणजे श्वाबेनमध्ये, नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला (काम करत शिकायच्या कोर्सला) येणाऱ्यांसाठी लिहितेय. व्हिसा, आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी) वगैरे तुम्हाला माहीतच आहे, मी एकाच क्रियापदावर बोलणार, कारण त्याने मला रडवलंय.

पुस्तकात हेबन म्हणजे उचलणे. इकडच्या बोलीत, श्वेबिशमध्ये, हेबन म्हणजे धरणे. नुसतं धरायचं, हलवायचं नाही! पहिल्याच महिन्यात एका आजींचं ड्रेसिंग चाललेलं, सिनियर सिस्टर म्हणाली "हेब मोल दा फूस", म्हणजे पाय आहे तसा धरून ठेव, आणि मी उचलला. ऑपरेशन झालेला पाय. त्यातून फूस म्हणजे पाऊल असं डोक्यात पक्कं बसलेलं, इकडे मांडीपासून खाली अख्ख्या पायालाच फूस म्हणतात, त्यामुळे गुडघ्याला आधार न देता मी घोट्याला धरून उचलला. आजी किंचाळल्या. तो आवाज अजून कानात आहे.

उचलायला इकडे वेगळा शब्द आहे, लुप्फन. बँडेज पक्कं बसलंय का विचारायला पण "हेब्ट देस?" म्हणतात. आणि हे कुणी चुकीचं जर्मन म्हणालं तर ऐकू नका, आमच्या क्लासमध्ये ते चुकीचंच असं शिकवलं आणि मला ते अजिबात पटत नाही. हेबनचं मूळ पकडणे या अर्थाच्या धातूत आहे, लॅटिनमधलं कापेरे त्याच घराण्यातलं, पहिल्या धड्यातलं हाबन (जवळ असणे) सुद्धा. स्विस जर्मनमध्येही हेबन म्हणजे धरणेच. उचलण्याचा अर्थ प्रमाण जर्मनमध्ये राहिला, इंग्लिशच्या हीव्हमध्ये आणि हेबआम, म्हणजे सुईण, या शब्दातही, जन्मलेल्या बाळाला उचलून घेणारी.

अ‍ॅपवर बोलीभाषेच्या याद्या पाठ करून काही होत नाही, मी केल्या होत्या. शाफन म्हणजे काम करणे, श्प्रिंगन म्हणजे पळणे, हे कळायला उशीर झाला तरी कुणाला इजा होत नाही. हेबनचं तसं नाही. पेशंटला हात लावण्याआधी थांबा आणि विचारा, "फेस्टहाल्टन ओडर होखहेबन?" धरू की वर उचलू. दहादा विचारलं तरी चालतं, माझी प्राक्सिसअनलायटरिन (वॉर्डात काम शिकवणारी सिस्टर) कधी चिडली नाही, उलट त्या दिवसापासून धरायचं असलं की ती स्वतःच हेबनऐवजी "हाल्टन" म्हणायला लागली. आणि रात्रपाळीला एखादी आजी "हेब मोल मेई हांड" म्हणाली तर घाबरू नका, तिला फक्त तुमचा हात हवा असतो.