ग्रामसभेचा ऊर्जा आराखडा कसा करावा: सुरुवात रात्री आठच्या युनिटपासून

देशाच्या ऊर्जा धोरणातील दोन आकडे शेजारी शेजारी मांडले, की गावाने काय करावे याचे निम्मे उत्तर मिळते. भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे सौर, पवन, जल आणि अणू अशा स्रोतांची असेल, असे वचन आपण 2022 साली 2030 या वर्षासाठी दिले होते, आणि ते 2025 च्या मध्यालाच पूर्ण झाले. तरीही प्रत्यक्षात तयार होणाऱ्या दर दहा युनिटांपैकी सुमारे सात युनिटे अजून कोळशातूनच येतात. सौर संच दिवसातून काही तासच वीज देतात आणि सूर्य मावळला की थांबतात. घराघरांतले दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे मात्र नेमकी तेव्हाच सुरू होतात. म्हणून वर्षाला किती युनिटे वापरली यापेक्षा ती कोणत्या तासाला वापरली, हा प्रश्न गावाच्या आराखड्यात आधी यावा.

गोव्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. येथे स्वतःचे मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. वीज खाते आपला मोठा वाटा पश्चिम विभागीय जाळ्यातील कोरबा (छत्तीसगड) व विंध्याचल आणि दक्षिण विभागीय जाळ्यातील रामगुंडम यांसारख्या केंद्रीय औष्णिक प्रकल्पांतून घेते. डिचोलीत किंवा केप्यात रात्री नऊ वाजता एसी लावला जातो, तेव्हा कोळसा छत्तीसगडमध्ये जळतो. (मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा हा निराळा विषय आहे. तो प्रामुख्याने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. त्याच्या धुळीचा त्रास खरा असला, तरी आपल्या वीजबिलाशी त्याची सांगड घालू नये.)

आराखड्याचे पहिले काम म्हणजे नोंदी गोळा करणे. पंचायत घर, पथदीप, पाण्याचे पंप, शाळा, समाजगृह आणि देवस्थानची सभागृहे यांच्या जोडण्यांची बारा महिन्यांची बिले काढावीत. प्रत्येक वाड्यावरून स्वखुशीने देणाऱ्या दहा-पंधरा घरांची बिले घ्यावीत, आणि त्यांत लहान घर, मोठे घर, भाड्याच्या खोल्या असलेले घर असे सगळे प्रकार येतील असे पाहावे. बिलावर तास दिसत नाही. तो मिळवण्यासाठी वीज खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याकडे गावाच्या फिडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून गावाला वीज आणणाऱ्या वाहिनीच्या, भाराची नोंद लेखी अर्ज करून मागावी, कारण उपकेंद्रात हा भार नियमित लिहून ठेवला जातो. एप्रिलमधला एक आठवडा आणि जुलैमधला एक आठवडा पुरेसा आहे. ही नोंद हाती येईपर्यंत निदान पंचांनी आपापल्या घरच्या मीटरचे आकडे दुपारी एक, रात्री आठ आणि रात्री अकरा वाजता टिपून ठेवावेत. हे काम कंटाळवाणे आहे, आणि बहुतेक आराखडे येथेच फसतात.

नोंदी हाती आल्या, की रात्रीची मागणी कमी करणारी कामे सर्वांत वर ठेवावीत. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे 30 वॅट. दिवसाचे दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर एका पंख्यामागे 135 युनिटे वाचतात. पाचशे घरांनी प्रत्येकी दोन पंखे बदलले, तर वर्षाला 1,35,000 युनिटे वाचतील. एवढी वीज सौर संचातून मिळवायची, तर किलोवॅटमागे वर्षाला सुमारे 1,400 युनिटे धरून जवळपास 96 किलोवॅटचा संच आणि त्यासाठी सुमारे एक हजार चौरस मीटर मोकळे छप्पर लागेल. शिवाय ते सगळे पंखे एकाच वेळी चालू असतील, तर रात्रीचा भार 45 किलोवॅटने उतरतो. सौर संच हे करू शकत नाही. देशाच्या जाळ्यातील एका युनिटामागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे धरले तर नुसत्या पंख्यांनी वर्षाला 94 टनांच्या आसपास उत्सर्जन टळते. तरीही पंख्यांच्या उद्घाटनाची फीत कोणी कापत नाही, म्हणून हे काम यादीत नेहमी तळाला जाते. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरमालकांना ही गोष्ट वेगळी बोलावून सांगावी, कारण खोलीतला एसी चालू ठेवून पाहुणा समुद्रावर जातो आणि बिल मालक भरतो.

जी मागणी कमी करता येत नाही, ती दुपारकडे सरकवता येते का, हे त्यानंतर पाहावे. पाण्याची टाकी भरणे, बागायतीचे पंप चालवणे आणि विजेवरील स्कूटर चार्ज करणे ही कामे अकरा ते तीनच्या दरम्यान होऊ शकतात. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी दिवसाच्या वेळेनुसार दर ठेवण्याची दिशा घेतली आहे, म्हणजे सौर तासांतील वीज स्वस्त आणि कमाल मागणीच्या तासांतील वीज महाग. ज्या गावाने ही सवय आधीच लावून घेतली, त्याला तासातासाचा वापर नोंदवणाऱ्या स्मार्ट मीटरचे भय वाटणार नाही.

सौर संचाचा क्रम यानंतर लागतो. 2024 च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत निवासी छतासाठी पहिल्या दोन किलोवॅटवर प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटवर 18,000 रुपये असे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार 10 किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट राहिलेली नाही. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करावा, विक्रेता तेथील नोंदणीकृत यादीतून निवडावा, आणि पॅनेल देशी बनावटीचे असल्याचे कागदावर घ्यावे, कारण त्याशिवाय अनुदान मिळत नाही.

मात्र सर्वांनाच संच घ्या असे सांगू नये. गोव्यात घरगुती विजेचे सुरुवातीच्या टप्प्यांचे दर शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा बरेच कमी आहेत, त्यामुळे महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला संचाचा खर्च भरून निघण्यास फार वर्षे लागतील. तीन किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी 350 युनिटे देतो; ज्याचे बिल त्याच्या आसपास आहे, त्यानेच एवढा संच घ्यावा. ही सरासरी वर्षाची आहे आणि जून ते सप्टेंबर उत्पादन बरेच खाली येते, हे विक्रेते क्वचितच आपणहून सांगतात. मंगळुरी कौलांच्या छपरावर सांगाडा कौलांवर न टेकवता खालच्या वाशांना किंवा भिंतीला आधार घेऊन बसवावा. किनाऱ्यालगत खारा वारा लोखंड खातो, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडाच मागावा. आणि मे 2021 मधले तौक्ते वादळ ज्यांनी पाहिले, त्यांना बोल्ट किती घट्ट असावेत हे सांगण्याची गरज नाही. सावलीची पाहणी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी तीनदा करावी. आमच्या भागातील एका सभागृहावर संच बसवला तेव्हा मोजमाप भर दुपारी झाले होते. तीननंतर शेजारच्या माडांची सावली त्यावर सरकते, हे पहिले बिल आल्यावर कळले. माड तोडायला अर्थातच कोणी तयार झाले नाही, आणि ते योग्यच झाले.

एक गैरसमज सभेतच दूर करावा. साधा ग्रिडशी जोडलेला संच वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो. आषाढात फांदी तारेवर पडली तर पॅनेल असूनही घर अंधारातच राहते. तसेच नेट मीटरमुळे दुपारची युनिटे रात्रीच्या युनिटांतून वजा होतात खरी, पण ही वजाबाकी कागदावरची आहे. रात्री आठचे युनिट त्या वेळी मुख्यतः कोळशावरच तयार होते. म्हणून दुपारची वीज साठवणाऱ्या बॅटरीचा खर्च जेथे खरोखर अर्थपूर्ण आहे, अशा आरोग्य उपकेंद्रासारख्या आणि पिण्याच्या पाण्याच्या पंपासारख्या एक-दोन जागा निवडाव्यात व तेथेच तो करावा.

मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या 400 केव्ही वाहिनीला 2020 पासून गोव्यात जोरदार विरोध झाला, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने ती आधीच्या 220 केव्ही वाहिनीच्या मार्गाने नेण्याची शिफारस केली. तो विरोध मला रास्त वाटतो. पण वाहिनी नको असा ठराव घेणाऱ्या गावाला आपली रात्रीची मागणी किती आणि ती किती घटवली, हेही त्याच कागदावर लिहिता आले पाहिजे.

खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन, असलेल्या गावांनी बांधाचे काम याच आराखड्यात घ्यावे. 2008 च्या राष्ट्रीय हवामान कृती आराखड्यातील आठ अभियानांत पाणी आणि शाश्वत शेती यांची अभियाने आहेत, त्यामुळे हा विषय बाहेरचा नाही. गोव्यातील सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. भरतीच्या दाबाने मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची (बांधातील पाणी सोडण्याच्या वाटेची) दारे हीच तिची राखण. बांध फुटला की खारे पाणी आत शिरते आणि कोरगुटासारखे खारे सोसणारे भातही टिकत नाही. एप्रिलमधल्या अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला कोमुनिदाद (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था), कुळांचा संघ आणि कृषी खात्याचा माणूस यांना घेऊन बांधावरून चालावे, पाझरणाऱ्या जागा खुंट्या ठोकून दाखवाव्यात, आणि दुरुस्ती मेच्या मध्यापूर्वी संपवावी. निधी एकाच कामापुरता असेल, तर सौर पथदीपांच्या आधी बांध घ्यावा.

ठराव लिहिताना ‘हरित गाव करण्यात यावे’ अशी वाक्ये टाळावीत. कोणते काम, किती युनिटे किंवा किती मीटर बांध, खर्च किती, कोणत्या खात्याकडे पत्र जाणार आणि त्याचा पाठपुरावा कोणता पंच करणार, एवढेच लिहावे. ठरावासोबत फिडरच्या नोंदीचे पान जोडावे, आणि पुढच्या वर्षी एप्रिलच्या त्याच आठवड्याची नोंद पुन्हा मागवून रात्री आठच्या भाराचे दोन्ही आकडे सभेत एकामागोमाग वाचून दाखवावेत.