ताकातली सुरनळी : जाळीदार, लुसलुशीत, सोड्याशिवाय

कारवारपासून वेंगुर्ले-मालवणपर्यंतच्या सारस्वत घरांत न्याहारीला होणारी सुरनळी म्हणजे तांदूळ, जाडे पोहे, ओला नारळ आणि आंबट ताक यांचा पिवळाधमक, जाडसर गोड पोळा. तो एकाच बाजूने भाजतात. खालून सोनेरी, वरून भोकाभोकांची जाळी, आणि मध्ये इतका मऊ की लोणी ठेवताच ते जाळीतून आत उतरावे. घावन पातळ आणि न आंबवलेल्या पिठाचा, आंबोळीत उडीद असतो, खापरोळी नारळाच्या रसात बुडवून खायची. सुरनळी या तिघांपेक्षा वेगळी पडते ती ताकामुळे. पाणी घालून केलेली सुरनळी होते, पण तिला ना ती चव येते ना तो हलकेपणा. म्हणून सुरुवात ताकापासूनच करू.

ताक आंबट हवे. सकाळी घुसळलेले गोडसर ताक पिण्यासाठी उत्तम, पिठासाठी नाही. उन्हाळ्यात ते ओट्यावर पाच-सहा तास झाकून ठेवले की पुरेसे आंबते, थंडीत रात्रभर ठेवावे लागते. घरी लोणी काढून उरलेले ताक सर्वांत चांगले. ते नसेल तर एक वाटी घट्ट, आंबट दह्यात एक वाटी पाणी घालून रवीने घुसळा. विकतचे पाकिटातले मसाला ताक घेऊ नका. त्यातले मीठ आणि जिरे गोड पिठात चुकीच्या जागी येतात. फ्रीजमधले ताक वापरायचे असेल तर तासभर आधी बाहेर काढा, कारण थंड ताकाने पीठ आंबायला उशीर होतो आणि मग पिठात दोष शोधत बसावे लागते.

१४ ते १६ सुरनळ्यांसाठी प्रमाण असे (वाटी २०० मिलिलिटरची):

तांदूळ – २ वाट्या, म्हणजे साधारण ३४० ग्रॅम
जाडे पोहे – १ वाटी
आंबट ताक – २ वाट्या
ओल्या नारळाचा चव – १ वाटी, दाबून भरलेली
मेथीदाणे – १ चहाचा चमचा
चिरलेला गूळ – पाऊण वाटी
हळद – अर्धा चमचा
मीठ – पाऊण चमचा
तव्याला लावायला तूप किंवा खोबरेल

तांदूळ सुरय, म्हणजे भात न उकडता सडलेला घ्यावा, उकडा नको. उकड्या तांदळाची सुरनळी चिवट होते. शक्यतो जुना घ्या. नव्या तांदळाच्या पिठाला चिकटपणा जास्त असतो, त्याने जाळी गच्च बसते. सुवासिक तांदूळ वाया घालवायची गरज नाही, रोजच्या भाताचा कोलम चालतो.

पोहे जाडेच हवेत. पातळ पोहे ताकात टाकताच लापशी होतात आणि पिठाला जे बळ द्यायचे ते देत नाहीत. इथे पोह्यांचे काम काय ते समजून घेतले की प्रमाण आपोआप सांभाळले जाते. आंबताना पिठात वायू तयार होतो, पण तो धरून ठेवायला काहीतरी चिकट लागते. इडली-आंबोळीत ते काम उडीद करतो. सुरनळीच्या या प्रमाणात उडीद नाही, म्हणून ती जबाबदारी पोह्यांवर आणि मेथीवर येते. पोहे करताना भात भिजवून, भाजून, कुटलेला असतो, त्यामुळे त्यातला स्टार्च आधीच शिजलेला असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. मेथी भिजली की तिला बुळबुळीत चीक सुटतो, त्यात बुडबुडे अडकून राहतात. पोहे कमी पडले तर सुरनळी कोरडी आणि ठिसूळ, दीड वाटीच्या वर गेले तर आतून गिचकी. मेथीही दीड चमच्याच्या पुढे नेऊ नका, कडवटपणा गुळालाही झाकत नाही.

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन मेथीसह ४ तास भिजत घाला. वाटायच्या अर्धा तास आधी पोहे एकदा धुऊन दीड वाटी ताकात भिजवा. उरलेले अर्धी वाटी ताक वाटणासाठी बाजूला ठेवा. अर्ध्या तासात पोहे सगळे ताक पिऊन टम्म फुगतात.

आधी नारळाचा चव आणि निथळलेले तांदूळ-मेथी थोड्या ताकावर बारीक वाटा, मग त्यात पोहे घालून पुन्हा फिरवा. दोन्ही एकदम घातले तर पोह्यांच्या लगद्यात तांदळाच्या कण्या तशाच राहतात. पीठ बोटांत चोळून पाहा: गंधासारखे लागले पाहिजे, रवा लागता कामा नये. मिक्सरमध्ये वाटत असाल तर तीन हप्त्यांत वाटा आणि भांडे गरम होऊ लागले की थांबा. सगळे वाटण रगड्यावर होत असेल तर उत्तम, पीठ तापत नाही. पाणी लागलेच तर चमच्या-चमच्याने घाला. आता पीठ इडलीच्या पिठाहून किंचित घट्ट असावे, कारण गूळ पडला की ते सैल होतेच. इथे नेमकी गफलत होते: वाटताना पीठ हवे तितके सैल केले जाते, गूळ घातल्यावर ते पातळ होते, आणि सकाळी तव्यावर घावनासारखे पसरते.

गूळ तीन-चार मोठे चमचे कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गुळात खडे-कचरा हमखास असतो, आणि लुसलुशीत घासात दाताखाली खडा येण्यासारखे वाईट काही नाही. पाणी पूर्ण निवल्यावरच पिठात घालायचे. ते कधी घालायचे हे मात्र ऋतूवर ठरते, आणि किनारपट्टीवर याला फार महत्त्व आहे. गूळ म्हणजे यीस्टचे खाद्य. थंडीत तो रात्रीच पिठात घाला, म्हणजे आंबणे नीट सुरू होते. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात रात्री गूळ घातला तर पहाटेपर्यंत पीठ उतू जाते आणि चव आंबट-दारूसारखी होते, म्हणून तेव्हा गूळ सकाळी, भाजण्याच्या अर्धा तास आधी घाला. हळद आणि मीठ रात्री घालून ठेवले तरी चालते. मीठ आंबणे थोडे सावकाश करते, उन्हाळ्यात ते सोयीचेच.

पीठ स्टीलच्या खोल पातेल्यात ठेवा, पातेले निम्मे रिकामे राहील असे. तांब्या-पितळेचे भांडे नको, आंबट ताक त्यात कळकते. वर सैल झाकण. मे महिन्यात ६-७ तास पुरतात, पावसाळ्यात ८-१०, डिसेंबर-जानेवारीत १२ तासही लागतात. थंडीत पातेले जाड टॉवेलमध्ये गुंडाळून बंद कपाटात ठेवले की मदत होते. हे पीठ इडलीसारखे दुप्पट होत नाही. दीडपट वर आले, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसली, आणि डाव घातल्यावर पीठ आतून सच्छिद्र दिसले की झाले. वास आंबूस-गोड असतो. गुलाबी, हिरवट किंवा काळी बुरशी दिसली तर तेवढीच काढून पुढे जाऊ नका, सगळे पीठ टाकून द्या.

सकाळी पीठ ढवळायचे नाही. डाव तळापर्यंत नेऊन तीन-चार वेळा अलगद वर-खाली करा. रात्रभर साठलेला वायू जोरात फेटून घालवला तर जाळी मिळणार कुठून? गूळ सकाळी घालत असाल तर तोही असाच हलक्या हाताने मिसळा आणि अर्धा तास पीठ तसेच राहू द्या. डाव वर उचलल्यावर पीठ जाड धारेने पडले आणि धारेची खूण दोन क्षण दिसून मग मिटली, की घट्टपणा बरोबर.

तवा बिडाचा असेल तर त्याला तोड नाही. तो जाड असल्याने उष्णता एकसारखी धरतो आणि खालचा सोनेरी रंग सगळीकडे सारखा येतो. नॉनस्टिकवरही होते, पण खालची किंचित कुरकुरीत बाजू तितकी येत नाही. तूप लावायला अर्धा कांदा वापरण्याची सवय असते ती इथे सोडा, गोड सुरनळीला कांद्याचा वास लागतो. नारळाची शेंडी किंवा वांग्याचे देठ तुपात बुडवून तव्यावर फिरवा.

मध्यम आचेवर तवा तापवा. पाण्याचे थेंब शिंपडल्यावर ते तडतडून लगेच उडाले की तवा तयार. आता आच किंचित कमी करा आणि मध्यभागी एक आमटीचा डाव पीठ ओता. डावाने गोल गोल पसरवू नका. पीठ स्वतःच साधारण १२-१३ सेंटिमीटरपर्यंत पसरते आणि जाडी टिकते. पंधरा-वीस सेकंद उघडेच ठेवा. कडेपासून मध्याकडे एकेक भोक उमलू लागते. ही भोके दिसू लागल्यावरच झाकण ठेवा. आधी झाकले तर वाफेने वरचा थर ओला राहतो आणि भोके बुजतात.

झाकण घुमटाकार आणि खोलगट असावे, सपाट झाकणातून वाफेचे पाणी थेट पोळ्यावर ठिबकते. दर खेपेला झाकण आतून पुसून घ्या. मंद आचेवर दोन-अडीच मिनिटे. वरचा भाग कोरडा दिसला, बोट लावल्यावर चिकटले नाही आणि कडा तव्यापासून सुटल्या की कडेने अर्धा चमचा तूप सोडा, पाऊण मिनिट थांबा, आणि कालथ्याने उचला. उलटायची नाही. उलटली की जाळी दबते, आणि इतका वेळ राखलेला मऊपणा जातो. काढलेल्या सुरनळ्या एकावर एक रचू नका, ताटात शेजारी-शेजारी ठेवा.

बिघाड कुठे होतो ते पाहू. जाळी पडली नाही तर तीन शक्यता: पीठ फार घट्ट, पीठ न आंबलेले, किंवा तवा थंड. दोन चमचे ताक घालून एक सुरनळी घालून पाहा. तरी भोके पडत नसतील तर आच वाढवून पाहा. दोन्हीने काही झाले नाही तर आंबणेच कमी आहे, पातेले उबेला आणखी दोन तास ठेवण्याला पर्याय नाही. खालून काळी आणि वरून कच्ची राहत असेल तर आच जास्त आहे. गूळ तांदळाच्या कितीतरी आधी करपतो, म्हणून साध्या डोशाची आच इथे चालत नाही. चिकटत असेल तर बहुधा आधीच्या खेपेचा गूळ तव्यावर जळून बसला आहे. ओल्या फडक्याने तवा पुसून, पुन्हा तूप फिरवून पुढची घाला. पीठ फार आंबट झाले असेल तर वाटीभर नारळाचे घट्ट दूध आणि दोन-तीन चमचे तांदळाचे पीठ मिसळा, चव सावरते.

सोड्याबद्दल. सकाळी पाहुणे दारात आणि पीठ जागचे हललेले नाही, अशा वेळी निम्मे पीठ वेगळे काढून त्यात पाव चमचा सोडा, दोन चमचे पाण्यात विरघळवून, घाला आणि लगेच भाजायला घ्या. पाश्चात्त्य पद्धतीच्या बटरमिल्क पॅनकेकमध्ये हेच होते: ताकातले आम्ल सोड्याशी भिडून तत्काळ वायू सोडते, म्हणून तिथे पीठ कालवून ठेवता येत नाही. सोडा जास्त झाला तर ते सुरनळीवर उघड दिसते. हळद अल्कलीत लाल होते, त्यामुळे पिवळ्या पोळ्यावर तांबूस डाग उठतात आणि चव साबणासारखी लागते. पिठात अंगची जाळी असेल तर सोड्याला हातही लावू नये.

कलिंगडाच्या दिवसांत सालीखालचा पांढरा गर फेकू नका. तो किसून वाटीभर वाटणात घाला आणि ताक अर्धी वाटी कमी करा. सुरनळी अधिक ओलसर आणि मऊ होते. गोड नको असेल तर गूळ वगळून दोन हिरव्या मिरच्या आणि बोटाच्या पेराएवढे आले वाटणात घाला. हे पीठ घट्ट राहते, म्हणून पाव वाटी ताक जास्त लागेल.

गोड सुरनळीवर घरचे पांढरे लोणी, तेही सुरनळी गरम असतानाच. लोणी नसेल तर एका नारळाचे घट्ट दूध काढून त्यात अर्धी वाटी गूळ, चिमूट मीठ आणि वेलची घालून ढवळा. हा रस उकळू नका, फाटतो. उरलेले पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते, पण दुसऱ्या दिवशी ते आंबट आणि पातळ झालेले असते. तेव्हा दोन चमचे तांदळाचे पीठ घालून वापरा आणि भाजण्यापूर्वी अर्धा तास बाहेर ठेवा. उरलेली सुरनळी गरम करताना तव्यावर ठेवून, झाकणाला आतून पाण्याचा हात लावून, मंद आचेवर मिनिटभर झाकून ठेवा.