रुग्णालय आणि पोलिस यांच्यात हिंसेची माहिती वाटायची आहे? प्रशिक्षणाआधी एवढं बघा

हॉल, प्रोजेक्टर, हजेरीपट हे सांगत बसत नाही. सांगायचं आहे ते रात्रपाळीच्या नोंदणी काउंटरबद्दल.

रुग्णालयात आलेल्या जखमींची माहिती, नाव वगळून, हिंसा रोखण्यासाठी पोलिसांना द्यायची, ही पद्धत कार्डिफ मॉडेल म्हणून ओळखली जाते. तिचा सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा आहे: "नक्की कुठे झालं?" हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, त्यांना टाके घालायचे असतात. विचारते ती काउंटरवर केस नोंदवणारी व्यक्ती. प्रशिक्षण ठेवलं जातं सकाळी अकराला आणि त्याला येते दिवसपाळी. मारामारीतले जखमी येतात रात्री उशिरा, सुट्टीच्या आदल्या रात्री तर रांगेने. मग महिनाभराने फाइल उघडली की ठिकाणाच्या रकान्यात "रस्ता", "बाहेर", "बार" एवढंच. त्याचा नकाशा होत नाही. म्हणून रात्रपाळीसाठी वेगळं सत्र, पाळी बदलताना, काउंटरवरच, वीस मिनिटांचं. रात्रपाळीचा ड्युटी तक्ता आधी मागवा, नावावर खूण करत जा. सुट्टीवर असलेल्यांनाही धरा.

मूळ कल्पना थोडक्यात. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जबडा-चेहऱ्याचे शल्यविशारद जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं, की रुग्णालयात येणाऱ्या जखमींपैकी पुष्कळांची नोंद पोलिसांकडे नसतेच. कोणाला सूड उगवला जाण्याची भीती, कोणाला स्वतःच्याच वागण्याची चौकशी नको. म्हणून नाव वगळून ठिकाण, वेळ आणि हत्यार तेवढं पोलिसांना द्यायचं. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली आलेल्या मूल्यमापनात कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण लाखामागे महिन्याला ७ वरून ५ वर उतरलं. तुलनेला घेतलेल्या शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं. हे एका स्लाइडवर दाखवा आणि पुढे सरका.

फॉर्ममध्ये रकाने मोजके: घटनेची तारीख आणि वेळ, ठिकाण, हत्यार, हल्लेखोर किती. रुग्णालयात आल्याची वेळ आपोआप पडते, घटनेची वेळ विचारावी लागते. दोन्ही एकाच रकान्यात कोंबू नका. ठिकाण मोकळ्या मजकुरातच हवं. नुसती निवडयादी दिली की सगळे पहिला पर्याय दाबतात. रकाना सक्तीचा केलात तर "माहीत नाही" हा पर्याय ठेवा, नाहीतर पूर्णविराम टाइप करून पुढे जातात. आणि वाक्य पाठ करून घ्या: "कोणत्या जागेसमोर, आत की बाहेर?" सगळ्यात आधी कोणाकडून? रात्रपाळीकडून.

रुग्णालय आणि पोलिस यांच्यातल्या करारपत्राला वेळ लागतो, म्हणून ते सर्वांत आधी सुरू करा. नाव, पत्ता, जन्मतारीख रुग्णालयाच्या आतच गळली पाहिजे. "पाठवल्यावर पोलिस काढतील" हे चालणार नाही. ही माहिती प्रतिबंधासाठी आहे, कोणाला पकडण्यासाठी नाही, हे कलम स्पष्ट शब्दांत हवं. नाहीतर पोलिसांच्या पहिल्याच फोनला ("काल चाकू लागलेला तो कोण?") डॉक्टरांचा विश्वास जातो आणि परिचारिका रकाना कोरा सोडू लागतात. घरातल्या हिंसेचा बिंदू नकाशावर टाकायचा नाही. घराचा बिंदू म्हणजेच त्या बाईचा पत्ता. त्या नोंदी फक्त शहरातल्या विभागाच्या पातळीवर मोजा, मदतीची वाट वेगळी ठेवा.

आता पोलिसांकडचा विश्लेषक. लोक ठिकाण पत्त्याने सांगत नाहीत, बोलीतल्या नावाने सांगतात. "जुन्या टॉकीजच्या मागे" म्हणजे कुठे, याची टोपणनावांची यादी बीटवरच्या शिपायांकडून आधीच करून घ्या. न सापडलेला पत्ता सॉफ्टवेअर बिनबोभाट शहराच्या मध्यबिंदूवर टाकतं आणि तिथे नसलेला हॉटस्पॉट (सतत मारामाऱ्या होणारी जागा) तयार होतो. त्यावर गस्त लागल्याशिवाय कोणाला कळतही नाही. तसे बिंदू वेगळे काढा आणि किती निघाले ते अहवालात लिहा. रात्री एकची घटना तारखेने शनिवारची असली तरी ती शुक्रवारची रात्र असते. गस्तीचा तक्ता त्याप्रमाणे लावायचा, तर आठवड्याचे वार मध्यरात्रीला नाही, पहाटे सहाला बदला.

चाचणी दोन आठवड्यांची. एकूण टक्केवारी बघून खूश होऊ नका, वापरता येईल असं ठिकाण किती नोंदींत आहे ते पाळीनिहाय काढा. दिवसपाळीचा आकडा चांगला असतो आणि रात्रपाळीचं अपयश त्याखाली झाकलं जातं. हो, पुन्हा रात्रपाळीच. काउंटरला उलट खबर द्या: तुम्ही लिहिलेल्या नोंदींवरून अमुक ठिकाणी काचेचे ग्लास बंद झाले, तमुक कोपऱ्यावर गस्त लागली. हे कळलं नाही तर तो रकाना त्यांच्यासाठी फुकटची कटकट.

उरलेलं पटापट. मासिक बैठक, तारीख ठरलेली, तासभर. निर्णय घेऊ शकणारा अधिकारी हवा, बदली प्रतिनिधी नको. रुग्णालयाचा डॉक्टर हवाच. दारू-परवान्याचा प्रश्न त्याने मांडला तर बारवाले ऐकतात. नकाशा, मागच्या महिन्याचे निर्णय, प्रत्येकापुढे एक नाव. पोलिसांतल्या नोंदी वाढतील, त्याने घाबरू नका: परिणाम रुग्णालयाच्या आकड्यांवर मोजा. इतिवृत्त दोन दिवसांत.